खोगिराखालचे पांढरे केस

सातवीच्या मुलांची सहल घेऊन आम्ही दोघे शिक्षक एका थंड हवेच्या ठिकाणी गेलो होतो. रस्त्याच्या कडेला घोडे उभे होते. मुलांना घोड्यावर बसण्याची घाई आणि आम्हांला डोकी मोजण्याची. तेवढ्यात एका मुलीने विचारले, "सर, हा घोडा सगळा तांबूस आहे, मग पाठीवरच दोन्ही बाजूंना पांढरे ठिपके कसे?" घोड्याचे खोगीर नुकतेच उतरवले होते आणि ठिपके खरोखरच स्पष्ट दिसत होते. आम्ही विचार न करता उत्तर दिले, "जन्मखूण असेल. घोड्याच्या कपाळावर चांद असतो ना, तसे." शेजारी उभा असलेला घोडेवाला हसला. "न्हाई गुरुजी, जन्माचं न्हाई ते. खोगिराचं हाय. पाठ लागली की जखम भरती, पन केस पांढरं उगवत्यात."

मुलांसमोर चूक कबूल करणे शिक्षकाला जड जाते. तरी ती केली. परत आल्यावर पुस्तके काढली, तेव्हा घोडेवाल्याचे म्हणणे शब्दशः बरोबर असल्याचे दिसले. खोगीर एखाद्या जागी सतत रुतत राहिले की त्याखालची कातडी खोगीर आणि हाड यांच्यामध्ये चिमटली जाते. तेथील बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्त पोचत नाही आणि केसाच्या मुळाशी रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी मरतात. जखम बरी होते, केसही पुन्हा येतो, पण रंगाशिवाय. पांढरा ठिपका ही जुन्या इजेची खूण असते. कातडीच्या आत, स्नायूंत आणि मणक्यांत काय झाले, ते मात्र बाहेरून दिसत नाही.

आपल्याकडे बैलाचा खांदा आला की शेतकरी त्याला जुंपत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते, हळद-तूप लावून खांदा चोळला जातो. ज्या अवयवावर जनावराचे काम आणि आपले पोट चालते, त्याची आठवण ठेवण्याची ही रीत. घोड्याच्या बाबतीत तो अवयव म्हणजे पाठ. ती सांभाळायची कशी, हे माणूस तीन हजारांहून अधिक वर्षे शिकतो आहे आणि मधूनमधून विसरतोही आहे.

प्रथम पाठीची रचना पाहू. घोड्याच्या मानेत ७, छातीच्या भागात १८ आणि कमरेत बहुधा ६ मणके असतात. प्रत्येक मणक्यातून वर हाडाचा एक काटा निघालेला असतो. खांद्यापाशी हे काटे लांबलचक असतात, म्हणून तेथे उंचवटा दिसतो. त्यामागे ते आखूड होत जातात, आणि नेमके याच भागावर खोगीर बसते. आणखी एक विशेष असा की घोड्याला आपल्यासारखे गळ्याजवळचे आडवे हाड (अक्षक) नसते. त्याचा छातीचा पिंजरा पुढच्या दोन पायांच्या मध्ये केवळ स्नायूंच्या झोळीत टांगलेला असतो. म्हणजे आपण घोड्यावर बसतो तेव्हा एखाद्या घट्ट खांबांवरच्या पुलावर बसत नाही.

मग ही पाठ भार पेलते कशी? डच प्राणिशास्त्रज्ञ स्लाइपर यांनी १९४६ साली धनुष्याची उपमा वापरून याचे उत्तर दिले. पाठीचा कणा हे धनुष्याचे लाकूड आणि पोटाचे स्नायू ही त्याची दोरी. दोरी ताणली की लाकूड वर उचलले जाते, सैल पडली की कणा खाली झुकतो. वर्गात हे दाखवायला लाकडी पट्टी व सुतळी पुरते. दोन पुस्तकांवर पट्टी टेकवून मधोमध वजन ठेवा, पट्टी खाली वाकेल. आता पट्टीच्या दोन टोकांना सुतळी बांधून तिला वरच्या बाजूला किंचित बाक द्या आणि तेच वजन ठेवा. मुलांना फरक सांगावा लागत नाही. मानेवरून पाठीकडे जाणारा एक जाड स्नायुबंधही याच कामी येतो. घोड्याने मान खाली व पुढे घेतली की तो ताणला जातो आणि पाठ वर येते. मान जबरदस्तीने वर धरली तर पाठ खोल जाते. पाठ खोल गेली की मणक्यांचे काटे जवळ येतात, एकमेकांना घासतात. असे काटे भिडलेले घोडे पशुवैद्यांना क्ष-किरण चित्रांत वारंवार आढळतात.

हे झाले पूर्ण वाढ झालेल्या घोड्याचे. शिंगराची गोष्ट निराळी. हाडे ज्या कूर्चेच्या पट्ट्यांपाशी वाढतात, त्या पट्ट्या शरीरात एकाच वेळी हाडात बदलत नाहीत. खुरांजवळच्या हाडांची वाढ पहिल्या वर्षाच्या आसपास संपते, गुडघ्याच्या वरच्या हाडाचे खालचे टोक साधारण अडीच वर्षांपर्यंत पक्के होते, आणि सर्वांत शेवटी, पाच ते सहा वर्षांच्या सुमारास, मणके. दोन-तीन वर्षांचा घोडा उंचीने जवळजवळ पूर्ण वाटतो, पायही भक्कम दिसतात. ज्या भागावर आपण बसणार तोच सर्वांत कच्चा असतो, आणि तो दिसत नाही. याचा अर्थ शिंगराला बांधून ठेवावे असा मात्र नाही. उलट लहानपणी मोकळे धावणे, चढ-उतार चालणे यांनी हाडे घट्ट होतात, आणि ठाणावर कोंडलेल्या शिंगरांची हाडे कमजोर राहतात. कच्च्या मणक्यांवर ओझे टाकणे हे धावण्यापेक्षा वेगळे आहे, एवढाच मुद्दा.

प्राचीनांना कूर्चेच्या पट्ट्या ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण घोडा घाईने तयार होत नाही, हे त्यांना फार लवकर कळले. तुर्कस्तानात बोगाझकोय येथे हित्ती लोकांची राजधानी सापडली. तेथील मातीच्या पाट्यांत घोडे तयार करण्याची एक सविस्तर पुस्तिका आहे. तिचा कर्ता किक्कुली हा मितानी देशातला अश्वशिक्षक, काळ इ.स.पू. सुमारे १४००. घोडे रथाचे, त्यामुळे पाठीवर भार नाही. तरीही आखणी पाहण्यासारखी आहे. सहा-सात महिन्यांचा रोजचा कार्यक्रम दिलेला आहे. सुरुवातीला घोड्यांना नुसते हाती धरून चालवायचे, मग अंतर हळूहळू वाढवायचे, कधी उपास, कधी मोजून दाणा, काम झाल्यावर अंघोळ आणि अंगावर झूल. या पुस्तिकेत आपल्यासाठी एक गंमतही आहे. रथाच्या फेऱ्यांसाठी किक्कुली जे शब्द वापरतो ते असे: ऐकवर्तन्न, तेरवर्तन्न, पंझवर्तन्न, सत्तवर्तन्न, नवर्तन्न. एक, तीन, पाच, सात, नऊ! वर्तन म्हणजे वळण, फेरा. संस्कृत शिकवणाऱ्या शिक्षकांनी हे शब्द फळ्यावर लिहून मुलांना अर्थ ओळखायला सांगावा. साडेतीन हजार वर्षांपूर्वीची तुर्कस्तानातली ही भाषा त्यांना निम्मी तरी समजेल.

घोड्यावर बसणाऱ्यांचा प्रश्न अधिक बिकट होता. ग्रीक सेनानी आणि लेखक झेनोफन याने इ.स.पू. चौथ्या शतकात अश्वारोहणावर एक लहानसा ग्रंथ लिहिला. त्याच्या काळी ग्रीकांकडे सांगाड्याचे खोगीर नव्हते, रिकिबीही नव्हत्या. घोड्याच्या उघड्या पाठीवर किंवा एखाद्या जाड कापडावर बसायचे. झेनोफन सांगतो की ते कापड असे शिवलेले असावे की स्वाराची बैठक पक्की राहील आणि घोड्याची पाठही सोलवटणार नाही. खुर्चीवर बसल्यासारखे बसू नये, पाय फाकून उभे राहिल्यासारखे बसावे. खरारा करताना पाठीच्या कण्यावर कोणतेही हत्यार चालवू नये, नुसत्या हाताने केसांच्या दिशेने चोळावे, म्हणजे स्वार जेथे बसणार त्या जागेला इजा होणार नाही. शिंगराविषयी तर त्याचे लिहिणे आजच्या शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात खपेल. शिंगरू शिकवायला देण्याआधी त्याला माणसाची ओढ लागली पाहिजे. त्याची भूक, तहान आणि माश्यांचा त्रास माणसामुळे दूर होतो, हे त्याला कळले पाहिजे. आणि घोड्याशी रागाच्या भरात कधीही वागू नये. हे सगळे अनुभवाचे शहाणपण होते. परंतु कापड कितीही चांगले शिवले तरी स्वाराचा भार शेवटी कण्यावरच पडत होता.

याचा पुरावा हाडांत सापडला. रशियाच्या दक्षिणेला अल्ताई पर्वतात शक-सिथियन लोकांची थडगी आहेत. त्यांत बर्फ शिरून गोठल्यामुळे घोडे, कातडे आणि कापडसुद्धा टिकले. पाझिरिक येथील खोगिरे म्हणजे कण्याच्या दोन बाजूंना ठेवायच्या, केस व गवत भरलेल्या दोन उशा. उद्देश चांगला, पण सांगाडा नसल्याने स्वाराच्या वजनाखाली उशा पसरत आणि भार मधोमध येई. केंब्रिजच्या पुरातत्त्वज्ञ मार्शा लेव्हिन यांनी पशुवैद्य कॅथरिन व्हिटवेल आणि लिओ जेफकॉट यांच्या साथीने अल्ताईतील अशा घोड्यांचे मणके तपासले. तुलनेसाठी त्यांनी एक्समूर जातीच्या, कधीही स्वारी न झालेल्या तट्टांचे मणके घेतले. सिथियन घोड्यांच्या पाठीच्या मागच्या भागातील मणक्यांवर हाडांच्या गाठी वाढलेल्या होत्या, मणक्यांच्या कडांना आडव्या भेगा होत्या, वरचे काटे एकमेकांना भिडलेले होते. स्वारी न झालेल्या तट्टांत हे नव्हते. पुढे जाऊन त्यांनी त्याच प्रदेशातील मध्ययुगीन तुर्की काळातले घोडे पाहिले. त्यांच्या मणक्यांना इजा फारच कमी होती. मधल्या काळात खोगिरात लाकडी सांगाडा आला होता.

हा निष्कर्ष आम्हांला फार मोलाचा वाटतो. घोडा बोलत नाही, आपले दुखणे लिहून ठेवत नाही. पण दोन काळांतल्या मणक्यांची तुलना केली तर एका सुताराच्या शोधाने किती घोड्यांचे दुखणे कमी केले असेल, ते वाचता येते.

लाकडी सांगाडा म्हणजे कण्याच्या दोन्ही अंगांना, बरगड्यांवरच्या मांसल भागावर टेकणाऱ्या दोन फळ्या आणि त्यांना पुढे-मागे जोडणाऱ्या कमानी. भार कण्यावरून उचलला जातो व रुंद जागेवर पसरतो. पूर्व आशियात हा प्रकार इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकांपर्यंत रूढ झाला होता. मंगोलियातील अल्ताईमध्ये एका गुहेत सापडलेले, काळ्या रंगाचे भूर्ज लाकडाचे खोगीर साधारण पाचव्या शतकाच्या आरंभीचे आहे. त्याचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. सांगाड्यानेच रिकिबी टांगायला भक्कम आधार मिळाला. पायाचा अंगठा अडकवायची साधी दोरीची कडी भारतात त्याच्या कितीतरी आधी होती, सांचीच्या शिल्पांत ती दिसते. पण नुसत्या कापडावर रिकिबी लावल्या तर स्वार उभा राहताच सगळा भार दोरीच्या अरुंद पट्ट्याखाली येतो. रिकिबीला सांगाडा लागतोच.

याचे गणित सातवीच्या मुलांनाही येते. स्वाराचे वजन ७० किलो आणि टेकण्याची जागा १००० चौरस सेंटिमीटर असेल, तर दर चौरस सेंटिमीटरवर ७० ग्रॅम भार. खोगीर नीट न बसल्याने निम्मीच जागा टेकली तर १४० ग्रॅम. त्यातून घोडा चालू लागला की भार बदलतो. आधुनिक मोजमापांत असे दिसते की चालीत तो थोडाच वाढतो, दुडकीत काही क्षणी दुपटीहून अधिक होतो आणि भरधाव वेगात त्याच्याही पुढे जातो. खोगिराखाली एखादा गुंतलेला धागा किंवा भरतीची गाठ असेल तर त्या टिचभर जागेवर काय होत असेल, हे मुलांनी स्वतः काढावे.

भरतीवरून आठवले. मराठीत खोगीरभरती हा शब्द निरुपयोगी भराव्यासाठी वापरतात. निबंधात मुलांनी कशीबशी पाने भरली की आम्हीही तो शेरा मारतो. खोगिरात जुन्या चिंध्या, गवत, हाती येईल ते भरत, म्हणून हा अर्थ आला. वास्तविक खोगिराची भरती हाच घोड्याच्या पाठीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग. शब्दाचा अर्थ स्वारांनी ठरवला, घोड्यांनी नव्हे.

आपल्याकडे घोड्यांचे शास्त्र जुने आहे. शालिहोत्राच्या नावाने चालत आलेली परंपरा, नकुलाच्या नावावरचा अश्वचिकित्सेचा ग्रंथ, जयदत्ताचे 'अश्ववैद्यक' ही त्यातली ठळक नावे. शालिहोत्रावरूनच 'सलोत्री' हा घोड्यांच्या वैद्यासाठीचा शब्द आला आणि तो ब्रिटिश काळात हिंदी रिसाल्यांतही वापरात राहिला. या ग्रंथांत रोग, औषधे, चारा, ऋतुमान यांचा विचार आहे. त्याचबरोबर अंगावरचे भोवरे आणि त्यांची शुभाशुभ फळे यांवरही पुष्कळ मजकूर आहे, आणि बाजारात टिकले ते दुर्दैवाने हेच. देवमण आहे का, भोवरा कोठे आहे, हे पाहून घोड्याची किंमत ठरे. गिऱ्हाइकाने भोवरे मोजण्यात जेवढा वेळ घालवला तेवढा पाठीवरून हात फिरवण्यात घालवला असता, तर बरे झाले असते.

मराठ्यांच्या इतिहासात घोड्याच्या काळजीविषयीचा एक अस्सल कागद आहे आणि तो प्रत्येक शाळेत वाचला जावा असा आहे. १६७० च्या दशकात शिवाजी महाराजांनी चिपळूण भागात छावणीला असलेल्या अंमलदारांना पत्र लिहिले. पावसाळा तोंडावर आला होता. पागेसाठी जमवलेला दाणा आणि गवत आत्ताच वाटेल तसे खर्च कराल तर भर पावसात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असे महाराज बजावतात. मग लोक रयतेकडून दाणा, लाकूड, भाजी ओढून आणू लागतील, हेही ते पुढे सांगतात. रात्री दिवा तसाच ठेवून झोपू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, इतका बारीक विचार त्यात आहे. घोड्याची हेळसांड शेवटी शेतकऱ्याच्या घरापर्यंत पोचते, हे त्या पत्रातले नाते आम्हांला फार महत्त्वाचे वाटते. मराठी फौजेत स्वारांचे दोन प्रकार होते हेही येथे ध्यानात घ्यावे: स्वतःचा घोडा आणणारा शिलेदार, आणि सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर. घोडा मेला तर शिलेदाराचे घर बसे. बारगिराच्या घोड्याची काळजी सरकारला नियम घालून करावी लागे.

यानंतर सांगायची ती घाईची गोष्ट. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या आरंभी राजाच्या नावाने होणाऱ्या शर्यती सहा वर्षांच्या घोड्यांसाठी असत. स्वार व खोगीर मिळून १२ स्टोन, म्हणजे सुमारे ७६ किलो, आणि अंतर चार मैल. घोडा पाठीने पक्का झाल्यावर धावत असे. एक्लिप्स हा त्या काळचा सर्वांत नाणावलेला घोडा. १७६४ साली जन्मला आणि पहिली शर्यत धावला १७६९ मध्ये, पाचव्या वर्षी. तो कधीही हरला नाही. पण सहा वर्षे घोडा नुसता पोसणे मालकांना परवडेना, शिवाय पैज लावणाऱ्यांना लवकर निकाल हवे होते. १७७६ ते १७८० या चार वर्षांत सेंट लेजर, ओक्स आणि डर्बी या तीन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यती सुरू झाल्या. १७८६ मध्ये न्यूमार्केटला दोन वर्षांच्या शिंगरांसाठी जुलै स्टेक्स ही शर्यत आली. म्हणजे एका पिढीत घोड्याचे कामाला लागण्याचे वय चार वर्षांनी खाली आले. मणक्यांनी आपले वेळापत्रक बदलले नाही. अंतर कमी झाले, भार हलका झाला, हे खरे. आणि बेताच्या सरावाने तरुण घोड्यांची हाडे बळकट होतात, असे म्हणणाऱ्यांकडेही पुरावे आहेत. पण निर्णय घेतला गेला तो हाडे पाहून नव्हे, हिशेबाची वही पाहून. उत्तर गोलार्धात शर्यतीच्या घोड्यांचा वाढदिवस सरसकट १ जानेवारीला धरतात. मेमध्ये जन्मलेले शिंगरू त्यामुळे कागदावर दोन वर्षांचे होते तेव्हा प्रत्यक्षात वीस महिन्यांचेही नसते.

विरोधही झाला, आणि तो एका कादंबरीतून. १८७७ साली अ‍ॅना स्यूएल यांची 'ब्लॅक ब्यूटी' निघाली. लेखिका लहानपणीच्या अपघाताने पायाने अधू झाल्या होत्या आणि घोडागाडीशिवाय त्यांना फिरता येत नसे. कथेतला मालक शिंगराला चार वर्षांचे होईपर्यंत विकत नाही की कामाला लावत नाही. याउलट जिंजर नावाची घोडी मारझोडीने शिकवली जाते आणि कायमची बिघडते. श्रीमंतांच्या गाडीच्या घोड्यांची मान लगामाने ताणून उंच बांधण्याची जी फॅशन होती, तिच्यावरही या पुस्तकाने कडाडून टीका केली. मान वर बांधली की पाठ खोल जाते, हे आपण धनुष्याच्या उदाहरणात पाहिलेच. स्लाइपरच्या आधी जवळजवळ सत्तर वर्षे एका अपंग बाईने नुसत्या निरीक्षणातून घोड्याचे ते हाल ओळखले होते.

लष्करात या विषयाला शास्त्राचे रूप दिले ते फ्रेडरिक स्मिथ या ब्रिटिश लष्करी पशुवैद्याने. त्यांनी काही काळ भारतात काम केले होते. १८९१ मध्ये त्यांनी खोगिरे आणि पाठीच्या जखमा यांवर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. त्यांचा आग्रह साधा होता. पाठीची जखम हा दैवाचा खेळ नाही, तिला प्रत्येक वेळी कारण असते आणि ते शोधता येते: सांगाडा कण्याला टेकतो आहे, तंग सैल आहे, घोडा रोडावल्याने कालचे खोगीर आज बसत नाही, स्वार थकून एका बाजूला कलतो आहे. आणि मग आठ वर्षांनी दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध (१८९९-१९०२) पेटले. जगभरातून घोडे विकत घेतले गेले. कित्येक आठवड्यांच्या समुद्रप्रवासानंतर त्यांना विश्रांती न देता रेल्वेत भरून आघाडीवर धाडले. शिकवलेले-न शिकवलेले, पोक्त-कच्चे असा भेद करायला कोणाला सवड नव्हती. ब्रिटिशांच्या बाजूचे तीन लाखांहून अधिक घोडे त्या युद्धात मेले. त्यांत गोळीने मेलेले थोडे. बाकीचे भूक, श्रम, रोग आणि हेळसांड यांनी गेले. स्मिथ स्वतः त्या युद्धात होते आणि पुढे त्यांनीच त्याचा पशुवैद्यकीय इतिहास लिहिला. पुस्तक छापलेले होते, ज्ञान होते, फक्त कोणी थांबायला तयार नव्हते. पोर्ट एलिझाबेथ बंदरात १९०५ साली या घोड्यांचे स्मारक उभारले गेले. त्यात एक सैनिक गुडघ्यावर बसून घोड्यापुढे पाण्याची बादली धरतो आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घोड्याची पाठ प्रयोगशाळेत आली. वर ज्यांचे नाव आले त्या जेफकॉट यांनी १९८० साली पाठदुखीच्या ४४३ घोड्यांची पाहणी प्रसिद्ध केली. २००८ मध्ये अमेरिकेतील ओहायोत आठ घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या १५, २०, २५ व ३० टक्के भार चढवून पाहिले, तेव्हा २५ टक्क्यांपासून पुढे स्नायू दुखावल्याच्या खुणा स्पष्ट वाढल्या. २०१८ मध्ये स्यू डायसन यांनी स्वारीखालच्या घोड्याच्या २४ वर्तनांची यादी केली: कान मागे पाडणे, शेपटी सतत फटकारणे, तोंड उघडणे, मान झटकणे, वगैरे. यांतली आठ किंवा अधिक दिसली तर घोडा बहुधा दुखण्यात आहे. आपल्या भाषेत याच गोष्टींना आपण घोड्याच्या खोडी म्हणत आलो. तंग आवळताना चावायला येणारे शिंगरू 'खोडील' ठरते आणि त्याबद्दल चाबूक खाते.

आणखी एक अनपेक्षित धागा आनुवंशिकतेतून मिळाला. २०२१ साली प्राचीन घोड्यांच्या २७३ जनुकसंचांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आजचे पाळीव घोडे रशियातील व्होल्गा-डॉन प्रदेशातून इ.स.पू. २२०० ते २००० च्या सुमारास सर्वत्र पसरले, असे त्यातून दिसले. माणसाने त्यांची निवड करताना जी मोजकी जनुके पुढे आली त्यांपैकी एक स्वभाव शांत असण्याशी आणि दुसरे, जीएसडीएमसी, पाठीशी निगडित मानले जाते. याच जनुकाच्या परिसरातले फरक माणसांत जुनाट पाठदुखीशी जोडले गेले आहेत. म्हणजे पहिल्या घोडेपाळांनी नकळत अशी जनावरे निवडली की ज्यांची पाठ माणसाला सोसेल. अर्थात जनुक कितीही अनुकूल असले तरी वय त्याला चुकवता येत नाही.

कायद्यात वयाचा उल्लेख आहे. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानुसार वय, रोग, जखम किंवा व्रण यांमुळे कामाला अयोग्य असलेल्या जनावराकडून काम करून घेणे हा गुन्हा आहे. ओझ्याच्या जनावरांविषयीच्या १९६५ च्या नियमांत तट्टाच्या पाठीवर जास्तीत जास्त ७० किलो असे लिहिले आहे. तो नियम ओझ्याचा आहे. पण पाठीला स्वार हेही ओझेच, आणि ते हलणारे.

पुढच्या वर्षीच्या सहलीत आम्ही शिंप्याची टेप घेऊन गेलो. घोड्याचे वजन काट्याशिवाय काढायचे एक सूत्र आहे: छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजावा, त्याचा वर्ग करावा, त्याला छातीच्या टोकापासून पुठ्ठ्यापर्यंतच्या लांबीने गुणावे आणि ११,८८० ने भागावे. उत्तर किलोग्रॅममध्ये येते. तोच घोडेवाला भेटला. त्याच्याकडे एक नवे तट्टू होते, पाठीवर एकही पांढरा केस नसलेले. त्याने ते हौसेने मोजू दिले. घेर १४५, लांबी १४०. मुलांनी वहीत गुणाकार केला: सुमारे २४८ किलो. वीस टक्के म्हणजे ५० किलो, खोगिरासकट.

मग आम्ही दात दाखवायला सांगितले. बैलाप्रमाणे घोड्याचेही वय पुढच्या दातांवरून कळते. मधले दोन दुधाचे दात साधारण अडीच वर्षांचा असताना पडून पक्के येतात, त्याशेजारचे साडेतीनला आणि कडेचे साडेचारला. घोडेवाल्याने ओठ वर केला. मध्ये दोन मोठे दात, बाकी सगळे लहान आणि पांढरेशुभ्र. "दोन दाती!" खेड्यातून आलेला एक मुलगा ओरडला.

"व्हय, दोन दातीच," घोडेवाला म्हणाला. "म्हाईत हाय गुरुजी, अजून लहान हाय. आमचा बा चार दाती झाल्याबिगर पाठीवर माणूस घालीत नव्हता. पन आता कर्ज काढून घेतलाय. घोडा ठाणावर उभा ऱ्हायला तरी चंदी खातोच."

आम्हांला यावर काही बोलता आले नाही. तेवढ्यात एक धिप्पाड गृहस्थ पुढे आले आणि त्यांनी त्याच तट्टाकडे बोट केले. घोडेवाल्याने एकदा मुलांच्या वहीकडे पाहिले, मग त्यांना म्हणाला, "साहेब, तुमी त्या घोडीवर बसा. ह्यो पोरांचा हाय." आमच्या वर्गातली सर्वांत लहान चण असलेली मुलगी त्या दिवशी तट्टावर बसली. वजन २८ किलो. खोगिराचे आठ धरून छत्तीस, असे तिने खाली उतरल्यावर स्वतःच वहीत लिहिले.